सील बिचारं निर्दोष

या आठवड्यात भांडुपला जायचं ठरलं होतं. एपीआयचा (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा) कारखाना, तिथली लॅम्ब्रेटा स्कूटर आणि तिचा पुढचा फोर्क. पण मध्येच मुलुंडच्या एका वाचकांचं पत्र आलं, आणि भांडुपच्या दोन स्टेशनं आधीच उतरावं लागलं.

पत्र थोडक्यात असं: गाडी 1989ची आरएक्स हंड्रेड. वडिलांची. इंजिन उत्तम. पण पुढच्या शॉकअपचं ऑइल सील तीनदा बदलून झालं. दर वेळी पंधरा-वीस दिवस बरे जातात, मग पाइपवर पुन्हा तेलाची कड दिसायला लागते. मेकॅनिक म्हणतो, ‘हल्ली सीलच डुप्लिकेट येतात, साहेब.’ हे खरं का?

डुप्लिकेट सील येतात, हे खरं. पण तीन वेगवेगळ्या वेळी आणलेली तिन्ही सीलं पंधरा-वीस दिवसांतच गळत असतील, तर आरोपी दुसराच कुणीतरी आहे. सील म्हणजे नायट्राइल रबराची एक पातळ ओठाळी. तिच्या मागे केसासारख्या बारीक तारेची गोल स्प्रिंग असते. ती ओठाळी पाइपवरून अखंड घासत राहते आणि तेल आतल्या आत ठेवते. पाइप आरशासारखा असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. पाइपला खरूज लागली असेल, तर अस्सल जपानी सीलही महिनाभरात फाटतं.

पाइप स्वच्छ पुसा आणि नख आडवं धरून वरून खाली न्या. नख अडखळलं तर तिथे खड्डा आहे. नखाला कळलं नाही तर कापसाचा बोळा फिरवा, धागे अडकतील. बहुतेक गाड्यांत ही जागा एका ठरावीक पट्ट्यात सापडते: गाडी उभी असताना सील जिथे टेकलेलं असतं, त्याच्या बोटभर वर. त्याचं कारण सरळ आहे. डस्ट सीलच्या काठावर चिखल आणि पाणी साचतं, ते तिथेच वाळतं, पुन्हा भिजतं. ब्रेक दाबला किंवा स्पीडब्रेकर आला की सील नेमकं त्याच पट्ट्यावरून वर जातं.

आता उपनगरातल्या मंडळींना न आवडणारी गोष्ट. आपल्या गाड्यांचे पाइप चालवून खराब होत नाहीत, उभ्या ठेवून होतात. हार्ड क्रोम दिसतं अखंड, पण त्याच्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक भेगा असतात. वर्सोव्याची खारी हवा असो की मुलुंडच्या खाडीकडून येणारी, तिच्यातलं मीठ ओलाव्याबरोबर त्या भेगांतून खालच्या पोलादापर्यंत पोहोचतं. गंज तिथे धरतो, फुगतो आणि क्रोमचा टवका वर उचलतो. रोज चालणाऱ्या गाडीच्या पाइपवर तेलाचा पुसट थर फिरत राहतो, तो या भेगा झाकतो. चार महिने पावसाळाभर सोसायटीच्या कंपाउंडमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाडीला हे संरक्षण नाही. ताडपत्री उलट ओलावा कोंडून ठेवते. जुन्या जावाची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या पाइपवर पत्र्याचं झाकण असतं, त्यामुळे आत काय चाललंय ते खोलल्याशिवाय कळतच नाही.

(राजदूतवाल्यांनी हसू नये. तुमच्या जुन्या 175चा पुढचा भाग पोलंडच्या एसएचएल गाडीवरून आला, लीडिंग लिंकचा. त्यात असा सरकणारा पाइपच नाही, म्हणून ही खरूजही नाही. पण तुमचे लिंकचे बुश झिजले की हँडल काय नाचतं, ते सगळ्या फरीदाबादला माहीत आहे.)

मग उपाय काय? खड्डे सुईच्या टोकाएवढे आणि मोजकेच असतील, तर त्यांच्या कडा बारीक ऑइलस्टोनने बसवायच्या, खड्ड्यात कडक होणारं इपॉक्सी भरायचं आणि 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून, गोल फिरवत घासायचं. उभं घासू नये. उभे ओरखडे म्हणजे तेलासाठी खोदलेले पाट. ही मलमपट्टी आहे, पण एखाद-दोन पावसाळे निभावते.

पट्टाच्या पट्टा गेला असेल तर हार्ड क्रोम. इथे फसवणूक फार होते. ‘चकाचक करून देतो’ म्हणणारा बहुधा सायलेन्सरवर चढवतात तो शोभेचा क्रोम चढवून देतो. निकेलवरचा तो थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. सीलखाली तो टिकणारच नाही. हार्ड क्रोम करणारा आधी जुना थर उतरवतो, पाइप ग्राइंड करून खड्डे काढतो, जाड थर चढवतो आणि पुन्हा ग्राइंड करून मूळ मापावर आणतो. म्हणून साकीनाक्याच्या किंवा मरोळच्या गाळ्यात गेलात तर एकच विचारा: ‘ग्राइंडिंग तुमच्याकडेच होतं का?’ उत्तर द्यायला वेळ लागला तर पाइप घेऊन परत या. आणि मूळ पाइप भंगारात घालू नका. बिननावाच्या नव्या पाइपपेक्षा नीट क्रोम केलेला जुना पाइप मला केव्हाही पसंत.

क्रोमला टाकण्याआधी पाइप वाकलेला नाही ना, हे लेथवाल्याकडून बघून घ्या. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावली की पाच मिनिटांत कळतं. वाकलेला पाइप सीलला एका बाजूने दाबतो, तेल दुसऱ्या बाजूने निघतं. जोडतानाही हाच घोळ होतो. एक्सलला पिंच बोल्ट असेल, तर आधी एक्सलचं नट आवळा, पुढचा ब्रेक धरून हँडल चारपाच वेळा दाबा, फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी बसू द्या आणि मगच पिंच बोल्ट आवळा. उलट क्रमाने आवळलं तर दोन पाय एकमेकांशी भांडत राहतात.

राहिलं तेल. ‘थोडं जास्त घाल, कडक होईल’ हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेल. फोर्कमध्ये तेलाच्या वर हवा कोंडलेली असते. समजा ती 200 सीसी आहे आणि फोर्क पूर्ण दबला की 100 सीसी जागा कमी होते. हवेचा दाब दुप्पट झाला. आता 50 सीसी तेल जास्त घाला: हवा उरली 150, दबल्यावर 50, दाब तिप्पट. तो सगळा दाब सीलच्या ओठाळीवर. माप कंपनीच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते मेजरिंग ग्लासने, दोन्ही पायांत सारखं घालायचं. इंजिनमधून काढलेलं काळं तेल फोर्कमध्ये ओतणाऱ्या माणसाकडे गाडी पुन्हा नेऊ नका.

आणि रबरी बूट? आरएक्सवर मुळात बूट नव्हते म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतात. मुंबईत राहायचं तर मी बूट लावीन. मात्र महिन्यातून एकदा ते वर सरकवून पाइप पुसायला हवा, नाहीतर आत तळं साचतं.

तर मुलुंडकर, चौथं सील आणण्याआधी नख फिरवून बघा आणि काय सापडलं ते कळवा. भांडुप पुढच्या आठवड्यात, नक्की. लॅम्ब्रेटाच्या फोर्कनळ्यांत स्प्रिंग असते, तेल नसतं, त्यामुळे गळतीचा विषय निघणार नाही. एपीआयमध्ये काम केलेलं कुणी घरात असेल, किंवा लॅम्बीचं पार्ट्स-बुक माळ्यावर पडलं असेल, तर झेरॉक्स पाठवा. मूळ प्रत पाठवू नका, ती घरीच राहू द्या.