टोनर, इस्त्री आणि तांबे

लेसर प्रिंटरमधली काळी पूड म्हणजे शाई नव्हे, प्लॅस्टिक. बारीक दळलेल्या प्लॅस्टिकमध्ये रंगासाठी काजळी मिसळलेली असते आणि प्रिंटरमधला तापलेला रूळ ती कागदावर वितळवून बसवतो. हीच पूड पुन्हा तापवून दाबली, तर ती कागद सोडून तांब्याला धरते. शिवाय तांबे खाणाऱ्या रसायनाला ती दाद देत नाही. घरी सर्किट बोर्ड करण्याची टोनर ट्रान्सफर पद्धत या दोन गुणांवर उभी आहे. इंकजेटच्या शाईत हे दोन्ही गुण नसल्याने तो प्रिंटर इथे चालत नाही.

दिल्लीत यासाठी लागणारे जवळपास सगळे सामान जुन्या शहरात मिळते. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटात कॉपर क्लॅड बोर्ड, बारीक ड्रिल आणि सुटे भाग. खारी बावलीजवळच्या तिलक बाजारात रसायने. चावडी बाजारात तऱ्हेतऱ्हेचा कागद. १९६९ पासून दिल्लीतून निघणारे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक सर्किटसोबत बोर्डाचा आराखडा खऱ्या मापात छापत आले आहे. स्वतःचा आराखडा करायचा तर कीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे.

नेहमीचा बोर्ड १.६ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावर तांब्याचा थर अवघा ३५ मायक्रॉनचा. आराखडा गुळगुळीत, चकचकीत कागदावर गडद छापतात. छाप तांब्यावर उलटा उतरतो, म्हणून तांब्याच्या बाजूची अक्षरे कागदावर उलटी दिसली पाहिजेत. नवशिक्याची पहिली चूक बहुधा इथेच होते. तांबे भांडी घासण्याच्या घासणीने आणि साबणाने लख्ख करावे, मग बोट लावू नये. बोटाचे तेल लागले त्या जागी टोनर धरत नाही.

इस्त्री सुती कपड्याच्या खुणेवर, वाफ बंद ठेवून. आधी मधोमध दाबून कागद स्थिर करायचा, मग टोकाने कडांवरून सावकाश फिरवायचे. दाब कमी पडला तर रेघा तुटतात, जास्त झाला तर टोनर पसरून शेजारच्या दोन रेघा एक होतात. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा सहज जमतात; त्याहून बारीक रेघांना हात बसावा लागतो. नंतर बोर्ड पाण्यात भिजत ठेवायचा. कागद ओढून काढण्याचा मोह आवरलाच पाहिजे. तो लगद्यासारखा झाला की अंगठ्याने चोळून निघतो आणि काळ्या रेघा मागे राहतात. तुटलेली रेघ पर्मनंट मार्करने जोडता येते.

पुढचे काम तांबे खाणाऱ्या फेरिक क्लोराईडच्या द्रावणाचे. ते उघड्या तांब्याशी संयोग पावून कॉपर क्लोराईड बनवते आणि स्वतः फेरस क्लोराईड होते. भांडे प्लॅस्टिकचेच हवे, हातमोजे आणि चष्मा हवा. स्टीलचे सिंक ते खाते आणि कपड्यावरचा पिवळा-तपकिरी डाग जात नाही. कोरडी पूड पाण्यात विरघळताना बरीच उष्णता निघते, म्हणून ती थोडी थोडी पाण्यात टाकावी. दिल्लीच्या जानेवारीत द्रावण इतके थंडावते की काम रेंगाळते. तेव्हा ते भांडे कोमट पाण्याच्या मोठ्या ट्रेमध्ये ठेवून हलवत राहावे.

वापरलेले द्रावण मोरीत ओतणे हा गुन्हाच मानावा. त्यातले तांबे जलचरांना विषारी आहे, आणि दिल्लीचे नाले यमुनेला मिळतात. धुण्याचा सोडा हळूहळू घातला की फेस येऊन तांबे गाळाबरोबर खाली बसते. तो गाळ बंद डब्यात साठवून घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा.

ॲसिटोनने टोनर पुसला की तांबे झळकते. ०.८ किंवा १ मिलिमीटरची भोके पाडण्याआधी बोर्ड दिव्यासमोर धरावा. काचतंतूच्या बोर्डातून उजेड आरपार येतो; रेघेतली केसाएवढी चीर त्यात उजळ दिसते, आणि दोन रेघांमध्ये उरलेला तांब्याचा धागा काळा. चीर सोल्डरने भरतात, धागा ब्लेडने खरवडतात, आणि मग भांड्याला करतात तशी सगळ्या तांब्याला कथलाची पातळ कल्हई.