सीताबर्डी आणि बाहेरची फौज

मंडळी, भिवापूरहून नागपूरला गेलात की सीताबर्डीची टेकडी लागतेच. आजचा प्रश्न तिथलाच: परक्या फौजेनं घरचं भांडण मिटतं की चिघळतं?

मार्च १८१६. दुसरे रघुजी भोसले वारले. मुलगा परसोजी दुबळा, म्हणून दरबारात दोन गट पडले. चुलतभाऊ अप्पासाहेबांनी आपली बाजू पक्की करायला मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. आमच्या भाषेत, सिक्युरिटी आउटसोर्स केली आणि ॲडमिन पासवर्डही देऊन टाकला!

विरोधक गप्प झाले, हे खरं. पण १८१७ च्या सुरुवातीला परसोजींचा खून झालाच. आणि नोव्हेंबरात खुद्द अप्पासाहेबांचं सैन्य सीताबर्डीवर इंग्रजांशी भिडलं, हरलं. पुढच्या वर्षी त्यांची गादी गेली, १८५४ मध्ये राज्यही खालसा झालं. म्हणजे दरबारातली भांडणं दबली, पण निर्णय रेसिडेंटकडे गेले.

१९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, तीही लिट्टेशीच लढत बसली. पण तिथल्या सरकारनं 'आता निघा' म्हटलं आणि १९९० मध्ये ती परतली. नागपूरकरांना तहानंतर तसं म्हणायची सोयच उरली नव्हती.