टपालदप्तर आपल्या घरी

ज्याच्या घरी संगणक आहे, तो गृहस्थ आपली ईमेल बहुधा ब्राउझर उघडून, एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊनच वाचतो. आणि वीजबिलांच्या पावत्या, विमा कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, मुलांच्या शाळेचे कागद, परदेशी स्थायिक झालेल्या बहिणीची पत्रे, असा वर्षानुवर्षांचा ऐवज सर्वस्वी दुसऱ्याच्या ताब्यात असून, खाते काही कारणाने बंद पडल्यास त्याची एक नक्कलही आपल्या हाती उरणार नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानात सहसा येत नाही. ईमेलसाठी संगणकावर स्वतंत्र प्रोग्राम बसवावा, असे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणासाठी. असे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. परंतु विनामूल्य वस्तूंतही केवढे अंतर असते, ते निवड करण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

इलिनॉय विद्यापीठातील स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली रचलेला ‘युडोरा’ एके काळी फार लोकप्रिय होता. पुढे तो क्वालकॉम कंपनीकडे गेला आणि २००६ साली कंपनीने त्याची विक्री थांबविण्याचे जाहीर केले. विंडोजबरोबर येणारा ‘आउटलुक एक्सप्रेस’ही असाच काळाआड गेला, आणि विंडोज १० मधील ‘मेल’ या प्रोग्रामचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपला. त्याच्या जागी आलेला नवा आउटलुक फुकट आहे खरा. पण वर्गणी न भरणाऱ्यास त्यात जाहिराती दिसतात, आणि जीमेलसारखे अन्य खाते जोडल्यास त्यातील पत्रांची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. ज्याला आपले दप्तर घरी आणावयाचे आहे, त्याच्या हेतूशी हे जुळत नाही.

म्हणून माझी शिफारस ‘थंडरबर्ड’ची. मोझिला फाउंडेशनने ७ डिसेंबर २००४ रोजी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. २०१२ साली मोझिलाने त्याच्या विकासातून आपले बळ काढून घेतले, तेव्हा स्वयंसेवकांनी तो सांभाळला. २०२० पासून त्याचा कारभार मोझिला फाउंडेशनच्याच मालकीच्या एका स्वतंत्र कंपनीकडे असून, तिचा खर्च मुख्यत्वे वापरणाऱ्यांच्या ऐच्छिक देणग्यांतून चालतो. प्रोग्रामची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. त्यामुळे चालकांनी उद्या हात आखडला तरी तो पुढे नेण्याचा मार्ग इतरांस मोकळा राहतो. युडोरा वापरणाऱ्यांना तेव्हा ही सोय नव्हती. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर थंडरबर्ड चालतो. संगणक फारच जुना असेल, तर ‘क्लॉज मेल’ हा हलका प्रोग्रामही पाहावा.

थंडरबर्ड त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. तो प्रथम उघडला की नाव, ईमेल पत्ता आणि पासवर्ड विचारतो, आणि सर्व्हरची बाकीची माहिती बहुधा स्वतःच हुडकून काढतो. जीमेल असेल तर गुगलची खिडकी उघडते आणि तेथे परवानगी द्यावी लागते. याच वेळी आयमॅप की पॉप, हा प्रश्नही पुढे येतो, आणि येथे घाई करू नये. आयमॅपमध्ये पत्रांचा मूळ संग्रह सर्व्हरवर राहतो व संगणक आणि मोबाइल दोन्हींवर तोच दिसतो. सबब, येथे पुसलेले पत्र तेथूनही जाते, हे विसरून अनेकांनी महत्त्वाची पत्रे गमावली आहेत. पॉपमध्ये पत्रे संगणकावर उतरतात, आणि त्यांची प्रत सर्व्हरवर ठेवावी की नाही, ते आपण ठरवावयाचे असते. सामान्य गृहस्थाने आयमॅप घ्यावे आणि जपून ठेवण्याजोगी पत्रे ‘लोकल फोल्डर्स’ या विभागात नकलून ठेवावीत. तो विभाग केवळ आपल्या संगणकावर असतो.

ही पत्रे तेथे कोणत्या रूपात राहतात, ते जिज्ञासूंनी एकदा अवश्य पाहावे. थंडरबर्ड आपली सर्व माहिती ज्यात ठेवतो त्या प्रोफाइल फोल्डरात ‘मेल’ आणि त्यात ‘लोकल फोल्डर्स’ उघडले, की आपण केलेल्या प्रत्येक विभागाच्या नावाची एक फाइल दिसते. ती नोटपॅडमध्ये उघडली असता एकाखाली एक पत्रे लागलेली आढळतात: ‘फ्रॉम’ने आरंभ होणारी ओळ, मग प्रेषक, तारीख, विषय, मग मजकूर. मराठी मजकूर आणि जोडलेली चित्रे बहुधा सांकेतिक रोमन अक्षरांच्या लांबच लांब ठोकळ्यांत असतात, त्याने दचकू नये. ही ‘एमबॉक्स’ नावाची जुनी, सर्वज्ञात पद्धत असून अन्य अनेक प्रोग्राम ती वाचू शकतात. थंडरबर्डच्या बाजूने मला हा सर्वांत मोठा पुरावा वाटतो. पुसलेले पत्र मात्र ‘कॉम्पॅक्ट’ करीपर्यंत याच फाइलीत पडून असते, हेही जाणून असावे.

मराठी वाचकांच्या वाट्याला एक निराळी अडचण येते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी निरनिराळ्या फाँटांत लिहिलेली जुनी पत्रे त्या फाँटावाचून निरर्थक अक्षरांसारखी दिसतात, आणि त्यांस फाँट किंवा परिवर्तक मिळविल्याखेरीज इलाज नाही. परंतु अलीकडचे एखादे पत्र तसे दिसत असेल, तर ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ हा हुकूम देऊन पाहावा, पुष्कळदा देवनागरी नीट उमटते.

आपल्याच संगणकावर ठेवलेली पत्रे डिस्क बिघडली तर जातात, म्हणून थंडरबर्ड बंद करून प्रोफाइल फोल्डर वेळोवेळी बाहेरच्या डिस्कवर नकलून ठेवावा. नवा संगणक घेतल्यावर तोच फोल्डर तेथे आणून त्याची जोडणी केली, की खाती, पत्ते आणि जतन केलेली पत्रे पूर्वीप्रमाणेच मिळतात.