खेळाचा तास

लालबागच्या ज्या शाळेत मी पीटी शिकवायचो, तिथे खेळाचा तास आठवड्यातून दोनदा असे. सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई दाराशी यायच्या. "सर, आजचा तास देता का? पोर्शन राहिलाय." मी द्यायचो. पोरांचे चेहरे पडायचे.

२१ डिसेंबर २०१७ला, गुरुवारी, दुपारी दोनला मी स्टाफरूममध्ये मोबाइलवर राज्यसभेचं कामकाज लावून बसलो होतो. शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेला सचिन तेंडुलकर बोलायला उभा राहणार होता. विषय होता खेळण्याचा हक्क आणि देशातल्या खेळांचं भवितव्य.

राज्यसभा सकाळी अकराला भरते. कागदपत्रं पटलावर ठेवली जातात, मग शून्य प्रहर, बाराला प्रश्नोत्तरं, एकला जेवणाची सुट्टी. दुपारी विधेयकं किंवा चर्चा. सचिनची होती ती अल्पकालीन चर्चा. तिच्यात ठराव नसतो, मतदान नसतं; सदस्य बोलतात, मंत्री उत्तर देतात. म्हणजे बोलणं हीच तिची सगळी कमाई.

राज्यसभेत राष्ट्रपती १२ जण नेमतात. राज्यघटनेचं ८०वं कलम त्यासाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ही क्षेत्रं सांगतं. खेळ हा शब्द त्यात नाही. मला ते कायम खुपत आलंय. म्हणून २०१२मध्ये सचिनची नेमणूक झाली तेव्हा मला घरचं कार्य असल्यासारखा आनंद झाला होता. पुढे त्याची हजेरी कमी पडली, त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. पण त्या दिवशी तो तयारी करून आला होता.

तो उभा राहिला आणि गोंधळ सुरू झाला. गुजरातच्या निवडणूक प्रचारात पंतप्रधानांनी मनमोहन सिंगांबद्दल केलेल्या विधानावरून काँग्रेसचे सदस्य घोषणा देत होते. तोही प्रश्न त्यांच्या दृष्टीने मोठाच असणार. सभापती व्यंकय्या नायडू विनवत होते, भारतरत्न बोलतोय, ऐकून घ्या. सदस्याचं पहिलं भाषण मध्ये न बोलता ऐकायचं, अशी तिथली प्रथा आहे, आणि सचिनचं हे पहिलंच होतं. सचिन सुमारे दहा मिनिटं नुसता उभा होता. अखेर कामकाज दिवसभरासाठी तहकूब झालं.

मला तो पडलेला चेहरा ओळखीचा वाटला. तास काढून घ्यायची वेळ आली की पहिला खेळाचाच जातो, शाळेत काय आणि दिल्लीत काय.

दुसऱ्या दिवशी सचिनने तेच भाषण व्हिडिओ करून फेसबुकवर टाकलं. वडिलांनी आपल्याला खेळायची मोकळीक दिली, तोच आपला खेळण्याचा हक्क होता, असं त्यात होतं. खेळ नुसता बघणारा देश खेळणारा व्हावा, हेही होतं.

शनिवारी मी तो व्हिडिओ सातवीला दाखवला. एका फोनभोवती सगळा वर्ग. संपल्यावर एकाने विचारलं, "सर, हे तिथे धरणार का?"

"नाही," मी म्हटलं, "सभागृहात उभं राहून बोललेलंच तिथे धरतात."

आमच्या शाळेला मैदान नव्हतं. मी सगळ्यांना लगोरी खेळायला गच्चीवर घेऊन गेलो.