खणातले श्रवणयंत्र

म्हैसूरच्या एका रुग्णालयात गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीच्या नोंदपत्रकावर सलग दोन दिवस १४ हा आकडा लिहिला जात होता. मेंदूच्या रुग्णाची शुद्ध मोजण्याची ही पद्धत टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ साली ग्लासगो येथे मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे एकूण १५ गुण. अक्काचा एक गुण बोलण्यात कापला गेला होता. शेरा होता : ‘गोंधळलेली’.

अक्का मूळची निपाणीची, वय ८२. यजमान गेल्यावर ती मुलाकडे म्हैसूरला राहायला आली. कानडी तिला बाजारहाटापुरते येते. पक्षाघाताने तिची डावी बाजू लुळी पडली. एमआरआयसाठी नेताना कानांतली दोन्ही श्रवणयंत्रे काढून खाटेशेजारच्या खणात ठेवली गेली, चष्मा भाच्याच्या पिशवीत गेला. त्यानंतर तोंडाला मास्क लावलेली परिचारिका तिच्या डाव्या अंगाला उभी राहून कानडीत विचारी, ‘आज वार कोणता? आपण कुठे आहात?’ अक्का छताकडे बघत निपाणीतल्या कुणाचे तरी नाव घेई. आम्हालाही वाटू लागले, की हिचे भान गेले.

तिसऱ्या रात्रपाळीला एक मल्याळी परिचारिका आली. तिने पूर्वी दोन वर्षे मेंदूविकारांच्या वॉर्डात काम केले होते. जेवणाचे ताट बघून ती थबकली. उजवीकडचा भात संपला होता, डावीकडची भाजी जशीच्या तशी. दिवसपाळीने ‘जेवण जात नाही’ असे लिहून ठेवले होते. तिने काही न बोलता ताट फिरवले आणि अक्काने उरलेले जेवण संपवले. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली, की काही रुग्णांना डावी बाजू अस्तित्वातच नाही असे वाटते. दृष्टी शाबूत असली, तरी लक्ष तिकडे वळत नाही. मग तिने मोडक्या हिंदीत मला विचारले, ‘या कानात काही घालत होत्या का?’ खण उघडला गेला. ती खाटेच्या उजव्या अंगाला गेली, मास्क क्षणभर खाली केला आणि वार मला मराठीत विचारायला लावला. अक्का म्हणाली, ‘गुरुवार. आणि माझा चष्मा कुठं ठेवलाय रे?’ त्या रात्री पत्रकावर १५ लिहिले गेले.

हे घडले ते म्हैसुरात, याचे मला अधिक वाटते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या शहराविषयी मला आदर आहे. अंध व कर्णबधिर मुलांची शाळा येथे विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाली. १९६५ साली केंद्र सरकारने अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था येथेच स्थापन केली आणि देशभरातील वाचाउपचारतज्ज्ञांची व श्रवणतज्ज्ञांची एक पिढीच तिने घडवली. संस्थेच्या बालवर्गात श्रवणदोष असलेल्या मुलांबरोबर त्यांच्या आयांनाही शिकवले जाते, कारण तज्ज्ञ मुलाला तासभर भेटतो, आई दिवसभर. रुग्णालयात आईच्या जागी परिचारिका असते. तिला मात्र हे कोणी शिकवत नाही.

या कामाला ‘सेवा’ म्हणून आपण त्याचा गौरव करतो आणि त्यातले शास्त्र नजरेआड करतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये पक्षाघाताच्या १९ विभागांत एक मोठी चाचणी झाली. निम्म्या विभागांतील परिचारिकांना ताप, रक्तातील साखर आणि गिळण्याची क्षमता या तीनच गोष्टींवर ठरावीक पद्धतीने लक्ष ठेवायला शिकवले. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तीन महिन्यांनी मृत वा परावलंबी असलेल्या रुग्णांचे प्रमाण इतरत्र ५८ टक्के होते, या विभागांत ४२ टक्के. त्यासाठी नवे औषध लागले नाही, यंत्रही नाही. गिळण्याची परीक्षा म्हणजे रुग्णाच्या तोंडात पहिला घोट जाण्यापूर्वी तो श्वासनलिकेत तर जाणार नाही ना, हे पाहणे. आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी भाच्याने प्रेमाने चमच्याने कॉफी पाजली आणि अक्काला ठसका लागला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

श्रवणयंत्र आणि चष्मा यांचेही तसेच. अमेरिकेत येल येथे सत्तरीपुढील ८५२ रुग्णांवर झालेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ऐकणे, दिसणे, झोप, पाणी, चालणे-फिरणे अशा साध्या बाबी सांभाळल्या, तेव्हा रुग्णालयात भ्रम होण्याचे प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आले.

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीत असताना माझ्यासमोर एक धारिका आली होती. काही परिचारिकांना मेंदूविकार शुश्रूषेच्या एक वर्षाच्या पदविकेसाठी पूर्ण वेतनावर पाठवावे आणि परतल्यावर त्याच विभागात ठेवावे, एवढाच प्रस्ताव होता. मी शेरा लिहिला : ‘परिचारिका ही सर्वसाधारण संवर्गातील असल्याने स्वतंत्र पदांची आवश्यकता वाटत नाही.’ वाक्य व्याकरणशुद्ध होते, नियमांतही बसत होते. त्यामागे एक जुनी टंचाई होती. भोर समितीने १९४६ साली नोंदवले होते, की ब्रिटिश भारतात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका आहे. अशा देशात आधी संख्या वाढवू, कौशल्याचे पुढे पाहू, हा विचार समजण्यासारखा होता. पण तो दशकानुदशके तसाच राहिला आणि मीही त्याला हातभार लावला.

आता निदान कायद्यांची अडचण नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस, श्रवणदोष, वाचादोष हे सारे आहेत. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा झाला. नव्या आयोगाने अभ्यासक्रमात काय घालावे, यावर विद्वान बोलतील. माझ्या मागण्या कारकुनी स्वरूपाच्या आहेत. दाखल करतानाच्या अर्जावर तीन रकाने वाढवावेत : मातृभाषा, श्रवणयंत्र व चष्मा, गिळण्याची परीक्षा केली की नाही. विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकेची किमान तीन वर्षे दुसऱ्या विभागात बदली करू नये. आणि जिल्हा रुग्णालयांतील परिचारिकांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग म्हैसूरच्या संस्थेने घ्यावा. शिकवणारे तिथे आहेतच.

दोन महिन्यांनी अक्काला तपासणीला घेऊन गेलो, तेव्हा मी त्या मल्याळी परिचारिकेची चौकशी केली. तिची बदली बाह्यरुग्ण विभागातील इंजेक्शनच्या खोलीत झाली होती. अक्काने तिच्यासाठी आणलेले लाडू आम्ही तिथेच नेऊन दिले. दाराबाहेर रांग होती, बोलायला तिला वेळ नव्हता.