धुऱ्यावरचे भांडण : कुस्ती कामाची की जिउ-जित्सू?

पेरणीचे दिवस आले की आपल्या बीबी परिसरातच काय, साऱ्या लोणार तालुक्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक, आभाळाकडे पाहणे. दुसरी, धुऱ्याची भांडणे. वखर चार बोटे आत गेला, की बोलाचाली, मग गचांडी, नि मग दोघेही ढेकळात. अशा वेळी तालमीतली कुस्ती कामी येईल, की मोबाईलवर दिसणारी ब्राझीलची जिउ-जित्सू? पोट्ट्यांचा हा वाद तुमच्याही पारावर चालत असेल.

जिउ-जित्सू मूळची जपानची. मित्सुयो माएदा हा ज्युदोचा जाणकार १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि त्या घराण्याने जमिनीवरची झटापट वाढवली. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली. त्यांच्याकडे तिथूनच खरी सुरू होते. खालचा गडी वरच्याची कंबर पायांनी आवळतो, हात पिरगळतो, नाहीतर गळा धरतो. गळा आवळणे आपल्या कुस्तीत चालत नाही.

हा फरक किती मोठा आहे ते बघा. १९१० साली लंडनला गामा पहिलवान पोलंडच्या झ्बिश्कोशी लढले. झ्बिश्को अडीच तासांच्या आसपास मातीला घोरपडीसारखा चिकटून पालथा पडून राहिला. गामांना तो उलटवता आला नाही, कुस्ती बरोबरीत सुटली. (पुढे १९२८ मध्ये पतियाळाला गामांनी त्याला मिनिटाच्या आत लोळवले, ती गोष्ट वेगळी.) आखाड्यात पालथे पडणे हा बचाव आहे. धुऱ्यावर पालथे पडाल तर मान दुसऱ्याच्या हाती जाते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या, तर दहाएक सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते. हात वेळेवर सुटला नाही तर जीव जातो. पहिलवानाच्या अंगात मुरलेली ही सवय इथे त्याच्याच मुळावर येते.

वजनाचेही तसेच. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणले, ते ५७ किलोच्या गटात. भांडणाला वजनगट नसतो. डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेत सुमारे ८० किलोच्या रॉयस ग्रेसीवर डॅन सेव्हर्न हा शंभर किलोच्या वरचा पहिलवान पंधरा मिनिटे बसून होता. खालून ग्रेसीने पायांच्या कैचीत त्याचा गळा धरला आणि पहिलवानाने हार मानली.

म्हणून जिउ-जित्सूच श्रेष्ठ, असे म्हणू नका राजेहो. ती लढत एकास एक होती, खाली साफ गादी होती. आपल्याकडे समोरच्याचे दोन भाऊ नि पुतण्या धावत येतात, आणि पाठीखाली असतात पऱ्हाटीची धसकटे. तिथे उताणे पडून डाव खेळत बसलात तर वरून काठी बसेल. माझे मत विचाराल तर कुस्ती आधी. पाय रोवून उभे राहणे, पट काढू न देणे, मिठीतून सुटणे आणि सरळ घराकडे पळणे. जिउ-जित्सूतून एवढेच घ्या, की खाली सापडलो तर हनुवटी छातीला लावून गळा वाचवायचा, वरच्याला पायांनी रेटायचे नि उठायचे. गळ्यातले उपरणे मात्र आधी काढून फेका. उघड्या अंगाच्या पहिलवानाला कपड्याची भीती माहीत नसते, पण जिउ-जित्सूवाला अंगरख्याच्या गळपट्टीनेच गळा आवळतो. उपरणे म्हणजे तर त्याला आयता दोर. समोरच्याच्या हातात विळा किंवा कुऱ्हाड असेल तर दोन्ही विद्या विसरा आणि अंतर ठेवा.

पोलीस पाटील व सरपंचांनी पुढचे तरुणांना जरूर सांगावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वतःच्या बचावाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण बचावाला लागेल तेवढीच इजा करता येते. पोलिसांकडे जायला वेळ होता, तर तो हक्क सांगता येत नाही. कालच्या शिवीचा आज काढलेला वचपा हा बचाव नव्हे. हाड मोडणे किंवा सांधा निखळणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे आणि जाणूनबुजून ती केली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धोबीपछाड दगडावर पडली काय नि जिउ-जित्सूने खांदा उतरवला काय, कलम तेच. त्या चार बोटांसाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो आणि त्याचा खर्च वकिलापेक्षा कमीच येतो.

वस्ताद मंडळींना एक विनंती. आठवड्यातून एकदा, जोर झाल्यावर, एका पोराला उताणा झोपवा, दुसऱ्याला त्याच्या छातीवर बसवा आणि खालच्याला फक्त उठून उभे राहायला सांगा. पहिले काही दिवस चांगले चांगले पहिलवान तिथेच धडपडतील.