समुद्राचा साका

केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांच्या टी-शर्टांवर एक जुना विनोद हमखास दिसतो: तुम्ही सोल्यूशनचा भाग नसाल, तर प्रेसिपिटेटचा भाग आहात. मूळ घोषणा १९६०च्या दशकातल्या अमेरिकी चळवळींमध्ये गाजलेली. तिथे सोल्यूशन म्हणजे तोडगा. जो तोडग्यात सामील नाही तो समस्येत सामील, असा तिचा दम. केमिस्ट्रीवाल्यांनी समस्येच्या जागी प्रेसिपिटेट बसवला आणि सोल्यूशनचं द्रावण करून टाकलं. विरघळून राहा, नाहीतर साका होऊन तळाशी बसा! विनोद पोरकट आहे, मान्य. पण समुद्र खारट का, याचं इतकं नेमकं उत्तर एका ओळीत क्वचितच मिळेल.

शाळेतलं उत्तर आपल्याला पाठ असतं. नद्या खडकांतले क्षार आणतात, पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. खरं आहे, पण अर्धंच. जगातल्या नद्यांची सरासरी काढली तर त्यांच्या पाण्यात सोडियमच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. समुद्रात मात्र सोडियम कॅल्शियमच्या सुमारे २६ पट! मग नद्यांनी आणून ओतलेलं कॅल्शियम गेलं कुठे?

थोडं शिंपल्यांत, थोडं पोवळ्यांत आणि पुष्कळसं इवल्याशा प्लवकांच्या कवचांत. हे जीव मेले की कवचं तळाशी साचतात आणि त्यांचा चुनखडक होतो. समुद्रात आलेलं कॅल्शियम सरासरी दहा लाख वर्षांत असं बाहेर पडतं. सोडियम कुणाच्या कवचाला लागत नाही आणि सहजासहजी तळाशीही बसत नाही. त्याचा मुक्काम काही कोटी वर्षांचा, क्लोराइडचा त्याहूनही लांबलेला. हे दोन चिवट पाहुणे म्हणजेच आपलं मीठ.

लोखंडाची तऱ्हा अगदी उलटी. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात ते टिकतच नाही, गंजून तळ गाठतं. अंटार्क्टिकाभोवतीच्या महासागरात बाकीचं पोषण मुबलक असूनही केवळ लोहावाचून प्लवकांची वाढ खुंटते. पण अडीच अब्ज वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, तेव्हा समुद्रात विरघळलेलं लोह भरपूर होतं. ते हळूहळू पट्ट्यापट्ट्यांनी खाली बसत गेलं. गोव्याच्या खाणींतलं खनिज अशाच पट्टेदार खडकांपासून झालेलं. मांडवीतून बार्जवर लादून न्यायचे ते तांबडे ढीग म्हणजे एका प्राचीन समुद्राचा साका. हे कळल्यापासून मला ते नुसती माती वाटत नाहीत.

सोडियमच्या या चिवटपणाने एका मोठ्या माणसाला चकवलं. डब्लिनच्या जॉन जोली यांनी १८९९ मध्ये समुद्रातल्या एकूण सोडियमला नद्या दरवर्षी आणतात त्या सोडियमने भागलं आणि पृथ्वीचं वय काढलं ८ ते ९ कोटी वर्षं. खरं वय साडेचार अब्ज! भागाकारात चूक नव्हती. एकदा आलेलं सोडियम समुद्रातून कधी जातच नाही, हे त्यांचं गृहीत चुकलं. नकळत त्यांनी मोजला होता तो सोडियमचा मुक्काम.

सोडियमलाही तळाशी बसवता येतं, फक्त पाणी बरंच आटवावं लागतं. उरण-पेणकडच्या मिठागरांत भरतीचं पाणी एका खणातून पुढच्या खणात फिरवत नेतात. उन्हाने आटताना आधी चुना बसतो, मग जिप्सम. पाणी मुळाच्या दहाव्या हिश्शावर आलं की मीठ दाणे धरू लागतं. मॅग्नेशियमचे कडू क्षार मात्र शेवटपर्यंत विरघळलेलेच राहतात, म्हणून जाणता आगरी वेळेवर मीठ ओढून घेतो आणि उरलेलं कडवट पाणी सोडून देतो. घाई केली तर मिठात जिप्सम, उशीर केला तर कडवटपणा.

निसर्गानेही अशी अवाढव्य मिठागरं मांडली होती. पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याच्या खाणीतलं मीठ हे ५० कोटी वर्षांहून जुन्या, आटून गेलेल्या समुद्राचं आहे. तेव्हा समुद्राचं मीठ उपासाला चालत नाही म्हणून जे शेंदेलोण आणतात, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: तेही समुद्राचंच, फक्त फार जुन्या.